चंद्रोदय, डोंगरासह

आप्पा गेले त्याची बातमी गावच्या पेपरात दोन इंचांत आली. ‘मनमिळाऊ स्वभावाचे, एसटीचे निवृत्त वाहक… पश्चात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी, सून, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ सगळं खरं, एक मनमिळाऊ सोडून. लग्नाच्या पंगतीत आप्पा कुणाशी गोड बोललेच असतील तर ते फक्त वाढप्याशी. परिवाराचं मात्र त्या बातमीत फारच थोडक्यात उरकलं होतं. ते सविस्तर वाचायचं तर माळ्यावरची जुनी कालनिर्णयं खाली काढायला हवीत.

जयंतराव साळगांवकरांचं कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं आणि लवकरच घरोघरी खिळ्याला लागलं. त्यावर दुधाचा रतीब, गॅसचा नंबर, मोलकरणीचे खाडे सगळेच लिहितात. आप्पाही लिहायचे. पण दर संकष्टीच्या चौकोनात छापलेल्या चंद्रोदयाशेजारी त्यांच्या पेन्सिलीची दुसरी एक वेळ असायची. ‘९.४६, डोंगराचा उजवा खांदा.’ ‘१०.३१, ढगातून.’ पावसाळ्यात नुसतंच ‘नाही’.

आजीची संकष्टी कडक. दिवसभर चहा, फार तर दुपारी वाटीभर खिचडी. रात्री चंद्र बघून अर्घ्य द्यायचं, आरती, नैवेद्य, मग पान. आणि छापलेली वेळ असते मुंबईची, तीही सपाट क्षितिजाची. आमच्या साताऱ्याच्या गच्चीतून पूर्वेला जरंडेश्वराचा डोंगर आडवा येतो. मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे आपल्याकडे चंद्र काही मिनिटं आधीच उगवतो, पण डोंगर तो फायदा व्याजासकट वसूल करतो. ‘छापलेला चंद्र वेगळा, आपला वेगळा,’ असं म्हणत आप्पा वेळेच्या आधीच गच्चीत जाऊन उभे राहायचे.

स्वतः ते उपास करायचे नाहीत. सकाळी पोहे, दुपारी भाकरी, सगळं व्यवस्थित. पण रात्री आजीच्या आधी घास नाही. कुणी त्यावरून छेडलं की म्हणायचे, ‘उपास कसला? मी उशिरा जेवतो एवढंच.’

त्या पेन्सिलीच्या नोंदी ओळीने वाचत गेलं की एक गंमत दिसते. कार्तिकातली संकष्टी सगळ्यात सोपी, चंद्र आठ-साडेआठला हजर, तोही डोंगराच्या पार डावीकडे, मोकळ्यावर. वैशाखातली सगळ्यात वाईट. दिवस मोठा, ऊन मरणाचं आणि चंद्रोदयाला कधीकधी साडेदहा. तेव्हा तो सरकलेला असतो थेट उजवीकडे. माघात आणि श्रावणात बरोब्बर डोंगराच्या मागून, आणि त्यातला श्रावण ढगांतच जातो. हे मला खगोलशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नाही, आप्पांच्या चौकोनांत सापडलं. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्या वर्षीच्या कॅलेंडरात तेरा नोंदी आहेत. ढगांची तक्रार तेवढी दुप्पट.

नोंदी ठेवायची सवय एसटीतली. टप्पा आला की वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायचं, मग गाडीत कितीही गर्दी असो. बामणोलीच्या मुक्कामी गाडीवर ड्युटी असली आणि नेमकी संकष्टी आली, तर तिकडे कोयनेच्या खोऱ्यातही ते चंद्र वर येईपर्यंत डबा उघडायचे नाहीत. ड्रायव्हर जेवून, घोरायला लागलेला असायचा. खोऱ्यातला चंद्र आमच्या गच्चीपेक्षाही उशिरा दिसायचा, म्हणजे इकडे आजीची भांडी घासून झाली तरी तिकडे आप्पा उपाशीच. फोन नव्हता. तिला हे कित्येक वर्षांनी कळलं, तेही त्या ड्रायव्हरकडून.

बाबांना या प्रकाराचा भयंकर राग. कारण गच्चीवर एक माणूस कायम पहाऱ्याला लागायचा, आणि आप्पा ड्युटीवर असले की तो माणूस म्हणजे बाबा. मित्र सिनेमा बघायला निघालेत, आणि हे डोंगराकडे तोंड करून बसलेत. आत्या लग्न होऊन नाशिकला गेली तरी सुटली नाही. घरी फोन बसल्यावर दर संकष्टीला तिला रात्रीचा फोन, ‘चंद्र दिसला का गं तिकडे?’ ती म्हणायची, ‘अहो आप्पा, मी संकष्टी करत नाही.’ ‘मग लवकर जेव,’ आणि फोन ठेवून द्यायचे. एसटीडीचं मीटर पळत असायचं ना.

मी नात म्हणून जन्माला आले तोवर पहारा हा खेळ झाला होता. हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरायला आप्पांनी शिकवलं. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, एवढं चढायला चंद्राला पाऊण तास तरी लागतो. उद्या तो आजच्यापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा येणार, हेही त्यांनीच सांगितलं. मोबाइलच्या टॉवरचा दिवा बघून मी ‘दिसला!’ म्हणून ओरडायचे, तेव्हा खाली आजीच्या हातात अर्घ्याचं भांडं तयार असायचं आणि आप्पा वरून म्हणायचे, ‘थांब गं, पोरीने टॉवरला अर्घ्य द्यायला लावलं असतं.’ खरा चंद्र आला की देवघरातली घंटा दोनदा वाजायची. एसटीत एक घंटा म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. आजी पानं घ्यायला लागायची.

शेवटच्या दोन वर्षांत जिना चढवेना, तर खुर्ची अंगणात आली. अंगणातून डोंगर अर्धा शेजाऱ्यांच्या टाकीमागे जातो. त्या नोंदींपुढे कंसात ‘टाकी’ असं लिहिलंय.

आप्पांच्या नंतर पहिली संकष्टी धरली तेव्हा आम्ही सगळे जरा गप्पच होतो. कुणी गच्चीत जावं, हे ठरेना. आजीने भिंतीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि छापलेल्या वेळेला सरळ पानं घ्यायला सांगितली. बाबा म्हणाले, ‘आई, अजून डोंगराआड आहे.’ तर ती म्हणाली, ‘असू दे. ढगातला चंद्र चालतो तर डोंगराआडचा का नाही चालणार? मी लग्न झाल्यापासून सांगतेय. पण ह्यांना डोंगरच मोजायचा असायचा, आणि आम्ही आपल्या भुकेल्या.’ मग मोदकांवर तूप घालता घालता मला म्हणाली, ‘तू मात्र जाऊन बघून ये. आणि किती वाजता दिसला ते लिही तिथे, पेन्सिल दोरीला बांधलेली आहे.’