आरशात कोणीच नव्हतं

मी गाडी शिकवते. घाबरट विद्यार्थ्याचं मला कधी ओझं वाटत नाही. तो हळू चालवतो, विचारतो, थांबतो. मला धास्ती असते ती सगळं तोंडपाठ असलेल्यांची.

हा मुलगा त्यातलाच. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना, लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई, आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे ही चिन्हं कितीतरी देशांत सारखीच, हे तो न विचारता सांगायचा. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी असल्यामुळे पाठमोरी असली तरी ओळखू येते, हेही त्याला ठाऊक होतं. (जुन्या चालकांना विचारून पाहा, निम्मे गप्प बसतील.) ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे चालकाला आरशातही न दिसणाऱ्या जागेची, व्याख्या तर त्याने सीटबेल्ट लावता लावताच ऐकवली होती.

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा मोठ्या, अनेक लेनच्या रस्त्यावर गेलो. वेग ताशी ५४ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पुढे एक गाडी रेंगाळत होती. त्याने आतला आरसा पाहिला, बाहेरचा पाहिला, इंडिकेटर दिला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग वळवलं. बाजूला, आमच्या मागच्या दाराला लागून, एक मोटरसायकल होती.

माझ्या पायाखाली जादा ब्रेक असतो, पण मी तो दाबला नाही. अशा वेळी ब्रेकने काही साधत नाही. गाडी हळू होते, पण बाजूला सरकायची थांबत नाही, आणि मागचा येऊन आदळतो तो वेगळाच. मी हात लांबवून स्टिअरिंग धरलं आणि गाडी लेनमध्ये परत आणली. मोटरसायकलवाला हॉर्न दाबत, शिव्या देत पुढे निघून गेला.

“मॅडम, आरशात कोणीच नव्हतं,” तो म्हणाला.

खरंच नव्हतं. त्याने परीक्षेत लिहिलेला क्रम चुकवला नव्हता, फक्त खांद्यावरून एकदा मान वळवून पाहिलं नव्हतं. जी गाडी आपल्याला मागे टाकत असते ती आधी आतल्या आरशात दिसते, मग बाहेरच्या, मग डोळ्याच्या कोपऱ्यात. घात करते ती आपल्याच वेगाने, शेजारी तिरकी चाललेली. ती आरशाच्या बाहेर जाते आणि तिथेच राहते. कितीही वेळ आरसा पाहत बसा, दिसणार नाही. आणि इंडिकेटर ही सूचना आहे, परवानगी नाही. दिवा लागला, तो शेजारच्याने पाहिला, मग आपण पाहिलं, मग वळलो; या चार गोष्टींना वेळ लागतो.

मी गाडी एका रिकाम्या मैदानात घ्यायला लावली. तो चालकाच्या जागेवरच बसून राहिला, मी उतरले. म्हटलं, “मान हलवायची नाही. आरशात मी दिसेनाशी झाले की ओरड.” मी मागून चालत पुढे येऊ लागले. तो ओरडला, मी तिथे खडूने रेघ मारली. तशीच पुढे गेले; नजरेच्या कडेला पुन्हा दिसू लागले तेव्हा तो दुसऱ्यांदा ओरडला, दुसरी रेघ. मग त्याला उतरवून दोन्ही दाखवल्या. मधल्या जागेत मोटरसायकल कसली, अख्खी गाडी मावत होती. तो बराच वेळ त्या रेघांच्या मध्ये उभा राहिला. व्याख्येत ही लांबी कुठे नसते.

आरसे अर्थात चुकीचे लावलेले होते. नवे चालक बाहेरचा आरसा असा लावतात की त्यात स्वतःच्याच गाडीचं अंग भरपूर दिसतं. बरं वाटतं, पण ती जागा फुकट जाते. डोकं खिडकीच्या काचेला टेकवून आरसा बाहेर वळवायचा, गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. पलीकडच्या आरशासाठी गाडीच्या मध्यभागी झुकून तेच. तसं लावून पुन्हा चालले, तर रेघा बऱ्याच जवळ आल्या. मिटल्या मात्र नाहीत.

मग समोरच्या काचेच्या कडेचा खांब. मी लांब उभी राहिले आणि त्याच्या त्या खांबाआड अख्खी गायब झाले. चौकात आडव्या रस्त्याने येणारा सायकलवाला असाच गायब होतो, आणि दोघांचे वेग जुळले तर थेट धडकेपर्यंत खांबामागेच राहतो. म्हणून चौकात डोकं थोडं पुढे-मागे करून पाहायचं. हे मात्र त्याने पुस्तकात वाचलं नव्हतं.

परत येताना सिग्नलला एक लांब ट्रक वळायच्या तयारीत उभा होता. शेजारी भरपूर जागा. त्याने आपणहून मागेच गाडी थांबवली आणि विचारलं, “मग याला किती दिसत नसेल?” फार. केबिनच्या अगदी पुढचं, ट्रॉलीच्या मागचं, दोन्ही बाजूंचं. आणि वळताना ट्रकची मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. रिकामी दिसणारी जागा नेमकी तीच. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपण त्याला दिसत नाही. मागच्याने हॉर्न वाजवला. आम्ही हललो नाही.

हल्ली खडूच्या रेघा मी पहिल्याच तासाला मारते, गिअरच्याही आधी. काही पालक त्यावरून कुरकुरतात: तासभर झाला, गाडी हललीच नाही.