ब्रेक वळणाच्या आधी

६ ऑक्टोबर, रविवार. शेफील्ड, इंग्लंड.

साडेसातला गॅरेजचं दार वर केलं. हवेत चांगलाच गारठा होता. किल्ली फिरवली की या गाडीत पहिला आवाज इंजिनाचा येत नाही. मागून पेट्रोलच्या पंपाची टिकटिक सुरू होते. आधी भराभर, मग सावकाश, मग बंद. कार्बोरेटर भरले, असा त्याचा अर्थ. ती टिकटिक थांबेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसते. मग चोक पूर्ण ओढायचा, किंचित पिळायचा म्हणजे तो बाहेरच राहतो, आणि मग स्टार्टर. आज दुसऱ्या झटक्यात सुरू झाली.

गाडी १९७१ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. उघड्या छपराची, दोघांपुरती, १७९८ सीसीची. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात एमजीबीच्या सगळ्या प्रकारांच्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे सुटे भाग अजूनही सहज मिळतात. घेऊन दीड वर्ष झालं. चाळीस वर्षांहून जुनी म्हणून इथे तिला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरी मी दरवर्षी करून घेते. ब्रेकच्या बाबतीत मला दुसऱ्या कोणाची तरी नजर हवी असते.

पहिले सहा महिने प्रत्येक फेरीनंतर मनगटं आणि खांदे भरून यायचे. पॉवर स्टीअरिंग नाही, म्हणून असं होणारच, अशी माझी समजूत होती. खरं कारण वेगळं होतं. मी स्टीअरिंग आवळून धरत होते. रस्त्यावरची प्रत्येक खडी त्या चाकातून तळहातापर्यंत येते, आणि आवळलेल्या मुठीला त्यातलं काहीच कळत नाही. बोटं सैल सोडली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की ओल्या डांबरावर पुढची चाकं पकड सोडायच्या बेतात आली की स्टीअरिंग हलकं पडतं. आधी नुसतं हलकं पडतं. घसरणं त्यानंतरचं. त्या मधल्या क्षणात माणसाला बरंच काही करता येतं.

मला धडा मिळाला तो मात्र मागच्या चाकांकडून. गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पानांनी माखलेलं एक उजवं वळण, माझ्या अंदाजापेक्षा जास्त आवळत गेलेलं. घाबरून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. गाडीचं वजन पुढे झुकलं, मागची बाजू हलकी झाली आणि शेपूट बाहेर निघाली. मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसलेला अखंड ॲक्सल आहे, चुका पोटात घालणारं तिथे काही नाही. स्टीअरिंग उलटं फिरवलं, गाडी सावरली. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून एवढ्यावर भागलं. त्यानंतर दोन आठवडे गॅरेजचं दार उघडलं नाही.

मग एका जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर दिवसभराचा सराव केला. शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ बसले होते, आयुष्यभर अशाच गाड्या दुरुस्त केलेले. त्यांनी वेगाचं नावही काढलं नाही. दिवसभर एकच घोकून घेतलं: ब्रेक सरळ रेषेत, वळण सुरू व्हायच्या आत पुरा. गिअर तेव्हाच खाली. वळणात शिरलं की ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला, गाडीला हलकेच ओढत नेणारा. जे करायचं ते आधी करायचं. वळणात नवा निर्णय घ्यायचा नाही. तिसाव्या की चाळिसाव्या वेळी ते जमलं आणि गाडी बाहेरच्या चाकांवर टेकून अशी शांत बसली, जशी एखादी बाई पाटावर बैठक जमवून बसते.

तेव्हा मला बाबांची पद्मिनी आठवली. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात ते स्टीअरिंगखालचा गिअर टाकत म्हणायचे, "वळणात ब्रेकला हात लावायचा नसतो." ते पायालाही हातच म्हणायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. सकाळी चोक ओढायचं काम माझ्याकडे असायचं, बाकी सगळं त्यांच्याकडे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला घाटाच्या आवाजाचाच एक भाग वाटायचं. त्याचा अर्थ कळायला शेफील्डची ही गाडी घ्यावी लागली.

आज ए-५७ ने ग्लॉसपपर्यंत जाऊन आले. लेडीबोवरच्या धरणाचं पाणी बरंच खाली गेलंय. त्या पाण्याखाली दोन गावं आहेत. कोयनेकाठच्या माणसाला तिथून नुसतं पुढे जाता येत नाही, मी दर वेळी थोडी थांबते. पुढे स्नेक पास. हे नाव वळणांवरून पडलेलं नाही. डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्याच्या चिन्हात साप आहे, त्यावरून वाटेतल्या सरायीला आणि सरायीवरून रस्त्याला ते मिळालं. रस्ता १८२१ चा, माथा ५१२ मीटरवर. वर उघडी पठारं, तपकिरी पडलेलं गवत, मेंढ्या आणि वारा.

चढावर तिसरा गिअर. मध्ये सपाटी आली की ओव्हरड्राइव्हची, म्हणजे गिअरच्या वरच्या जादा गिअरची, कळ दाबायची. इंजिनाचा सूर खाली उतरतो आणि गाडी सैल श्वास सोडल्यासारखी धावू लागते. चौथ्यात ताशी ६० मैलांना जे इंजिन मिनिटाला ३३०० फेरे घेतं ते २७०० वर येतं.

खरा आनंद उतारावर झाला. ब्रेक, क्लच, मध्ये उजव्या पायाच्या कडेने किंचित रेस, दुसरा गिअर, क्लच सोडला, आणि कुठेही धक्का बसला नाही. इंजिनाने स्वतःच गाडी धरून ठेवली. वळण आलं तेव्हा माझं सगळं काम झालेलं होतं, नजर वळणाच्या पार टोकाला. काटा जेमतेम ३५ मैलांवर. मागे एक मोठी नवी गाडी होती, तिला जागा बघून पुढे जाऊ दिलं. तिच्यातल्या माणसाला हे वळण कळलंही नसेल, इतकी ती गाडी चांगली आहे. मला मात्र ते पावलांत, पाठीत, तळहातांत कळलं, आणि त्या क्षणी मी मोठ्याने "वा!" म्हणाले. ऐकायला मेंढ्याच होत्या.

गेले काही दिवस ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळायची. काल रात्री बघितलं तर मागच्या कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनला आवर घालणाऱ्या नळकांड्यात, तेलच नव्हतं. ते नसलं की आतला पिस्टन झटकन वर जातो, हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. चमचाभर तेल घातलं. आज चढावर एकदाही अडखळली नाही.

दुपारी बाबांना फोन केला.

"बाबा, आज अख्खा घाट गिअरवर उतरले."

"खाली आल्यावर ब्रेकचा वास आला का?"

"नाही आला."

ते थोडं थांबले. "मग नीट उतरलीस."

पद्मिनीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात त्यांची एक छोटी वही असायची. तशीच मीही ठेवली आहे. आजची नोंद:

४८ मैल. कोरडा रस्ता. इंजिन ऑइल ठीक. मागच्या डॅशपॉटवर लक्ष ठेवणे. पुढच्या रविवारी किंगपिनना (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळांना) ग्रीस.