काकूला ट्राममध्ये बसवायला: नागपूर ते कलकत्ता

मोठी काकू माहेरची दादरची. 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून मुंबईची शेवटची ट्राम दादरला आली, तेव्हा ही सात वर्षांची पोर बापाच्या खांद्यावर होती. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा झाली की शेवटी गीतांजली एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली. संध्याकाळी नागपूरहून निघालं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा.

विजेची ट्राम देशात आधी आली मद्रासला, 1895 मध्ये. ती 1953 ला गेली, दिल्लीची 1963 ला. कलकत्त्यात 1902 ला एस्प्लनेड ते खिदिरपूर सुरू झाली, आणि अजून रडतखडत का होईना, आहे.

गडियाहाट-एस्प्लनेड ही फेरी धरा. पुढच्या डब्यात पंखे, तिकीट सात रुपये, सुट्टे न्या. ड्रायव्हर पायाने ठोकून घंटा वाजवतो. काकूने तो आवाज ऐकला आणि बोलायचीच थांबली, जे आमच्या घरात सहसा होत नाही. एका वळणावर वरचा दांडा तारेवरून सुटला, दिवे-पंखे गेले. कंडक्टर शांतपणे उतरला, मागची दोरी ओढून दांडा परत तारेला लावला, चर्रकन ठिणगी पडली. "अस्संच व्हायचं!" काकू.

म्हातारं माणूस सोबत असेल तर एक सांगतो: ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते आणि डावीकडून बस-टॅक्सी सुसाट येतात. आधी आपण उतरा, हात दाखवा, मग त्यांना उतरवा.

एस्प्लनेडला 1938 च्या ट्राममध्ये 'स्मरणिका' हे छोटं संग्रहालय आहे. गुरुवारी बंद. आम्ही अर्थातच गुरुवारी गेलो. शुक्रवारी जुनी तिकिटं, कंडक्टरचे बिल्ले वगैरे पाहिलं. पाच मिनिटांत काकू बाहेर. "हे आपल्या मोतीबागेतल्या रेल्वे संग्रहालयासारखं झालं. इंजिनं पुसूनपासून उभी, अन् नागभीडची छोटी गाडी 2019 पासून बंद."

सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारने एस्प्लनेड-मैदान एवढा तुकडा ठेवून बाकी ट्राम बंद करायचं जाहीर केलं. प्रकरण हायकोर्टातही आहे. म्हणून रिझर्व्हेशनच्या आधी कोणते मार्ग चालू आहेत ते पाहून घ्या. आणि अख्खा एक दिवस मोकळा ठेवा. काकूने एकाच मार्गावर चार फेऱ्या केल्या, दर वेळी नवीन तिकीट काढून.