वर्गणीची पावती, ५८ मिमीचा प्रिंटर: नोंद ३ – विकतची लायब्ररी बाहेर

आत्ताची अवस्था: छपाईची विकतची लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रोग्रॅममधून पूर्ण काढली आहे. पावतीचं चित्र पायथनमध्ये तयार होतं आणि थेट प्रिंटरला जातं. बडोद्यातल्या मंडळाची पावती म्हणजे दोन लिप्या आल्याच. वर मराठीत ‘वर्गणी’, खाली गुजरातीत ‘फाळो’ आणि देणाऱ्याचं नाव तो सांगेल त्या लिपीत. लायब्ररी इथेच आडवी आली.

ती अक्षरं एकेक करून ओळीत ठेवते, जुळणी करतच नाही. ‘शिंदे’मधली वेलांटी साठवताना ‘श’च्या नंतर असते, ती दाखवताना आधी न्यावी लागते, इथे ती नंतरच राहते. जोडाक्षरांचे पाय मोडतात. हे किमान डोळ्यांना तरी दिसतं. न दिसणारी गोष्ट वेगळीच निघाली: जुन्या याद्यांत ‘कऱ्हाडे’ हे नाव र, हलन्त आणि युनिकोडमधला (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) ८२०५ क्रमांकाचा अदृश्य जोडक असं लिहिलेलं असतं. लायब्ररी तो जोडक ‘न छापण्याजोगा’ समजून गाळते, त्यामुळे जुळणी दुसऱ्या कुणी केली तरी ‘ह’वर रफारच चढतो. उपाय: यादी वाचतानाच २३५२, २३८१, ८२०५ या क्रमाच्या जागी २३५३ (ऱ) आणि २३८१ टाकणे. मग जोडक लागतच नाही. यावर लायब्ररीच्या कंपनीचं उत्तर एका ओळीचं, ‘युनिकोड चालतो’. खोटं नाही म्हणा, चौकोनी ठोकळे येत नाहीत, अक्षरंच येतात.

दुसरा दोष चाचणीत कधीच सापडत नाही. दर ओळीला ती फाँटचं एक जीडीआय (विंडोजची चित्रं-अक्षरं काढणारी यंत्रणा) हँडल उघडते आणि सोडत नाही. विंडोजमध्ये एका प्रोसेसला अशी १०,००० हँडलं मिळतात. पावती १४ ओळींची, म्हणजे साधारण सातशे पावत्यांनंतर कागद कोरा येऊ लागतो, एररही न देता. टास्क मॅनेजरच्या तपशिलात ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा रकाना चालू करून आकडा चढताना पाहा, पाच पावत्यांत निदान होतं.

लायब्ररीची डीएलएल (प्रोग्रॅम उघडून वापरतो ती कोडची फाइल) फक्त ३२ बिटची. ६४ बिट पायथनमधून उघडली की एरर १९३. छोटा ३२ बिट प्रोग्रॅम मध्ये घालून, तो दर ५०० पावत्यांनी बंद-चालू करून काम भागत होतं, पण अक्षरं मोडकी ती मोडकीच.

आता नवी रचना. चित्रासाठी पिलो ही पायथनची लायब्ररी, अक्षरांच्या जुळणीसाठी त्यातलं राक्म. विंडोजवर राक्मला लागणारी फ्रिबिडीची डीएलएल वेगळी आणून ठेवावी लागते. ती नसेल तर पिलो साध्या जुळणीवर उतरतो. म्हणून अक्षरं काढताना भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी नेहमी द्यावी. राक्म नसेल तर तिथेच एरर येतो, मोडकी पावती बाहेर पडत नाही. शिवाय फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे मिळतात.

पिलो फाँट आपणहून बदलत नाही. युनिकोड क्रमांक पाहून ओळीचे तुकडे करावे लागतात: २३०४ ते २४३१ देवनागरी, २६८८ ते २८१५ गुजराती. बाकीची चिन्हं मागच्या तुकड्यात. ₹ मात्र दोन्ही फाँटांत आहे का ते आधी तपासा. रक्कम उजवीकडे सरकवायला स्पेस भरू नका, रुंदी मोजून ३७६मधून (३८४ ठिपक्यांतले कडेचे ८ सोडून) वजा करा.

चित्राची रुंदी ३८४ ठिपके, म्हणजे ओळीला ४८ बाइट. रुंदी आठच्या पटीत नसेल तर चित्र तिरकं होत जातं. काळं-पांढरं करताना पिलो मुळात ठिपके विखुरतो. ते बंद करून करड्या छटेच्या १२८ या आकड्यावर सरळ कापा, नाहीतर शिरोरेषा कुरतडल्यासारखी दिसते. ओळीची उंची फाँटच्या वरच्या-खालच्या मापावरून घ्या, शब्दाच्या चौकटीवरून घेतली तर ‘र्कीं’चा माथा उडतो.

प्रिंटरला आधी २७, ६४ (नव्याने सुरुवात करण्याचा आदेश). मग ठिपक्यांच्या दर ६४ रांगांच्या पट्टीला २९, ११८, ४८, ०, ४८, ०, ६४, ० (चित्र छापण्याचा आदेश) आणि त्यामागे ३,०७२ बाइट. मध्ये ओळ सोडू नका, पांढरी रेघ येते. शेवटची पट्टी कोऱ्या रांगांनी भरून काढा. सगळी पावती एका दमात पाठवली तर स्वस्त प्रिंटरचा बफर (तात्पुरती साठवण) भरतो, काही बाइट गळतात, मोजणी चुकते आणि पुढचा आदेशच चित्र म्हणून गिळला जातो. मग हातभर कचरा छापून येतो. विंडोजच्या छपाईच्या रांगेत काम ‘रॉ’ (बाइट जसेच्या तसे) प्रकारानेच टाका.

यूएसबीवर वेग ठीक. सिरियलवर १० सेंमीची पावती म्हणजे ८०० रांगा, ३८,४०० बाइट: ९,६०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) ४० सेकंद, १,१५,२०० बॉडला साडेतीनच्या आत. आरतीच्या गर्दीत पहिला पर्याय बादच.

राहिलंय: ८० मिमीचा प्रिंटर. तिथे ५७६ ठिपके, ७२ बाइट. ओळीच्या बाइटांचा ४८ हा आकडा अजून कोडमध्ये दोन ठिकाणी हाताने लिहिलेला आहे.