आमची वाटचाल: पोस्टर ते पेपर

डॉक्टरांची कॉन्फरन्स संपली की तिथं लावलेलं संशोधनाचं पोस्टर गुंडाळून नळीत जातं, नळी कपाटावर जाते आणि तिथंच राहते. पुण्यात मेडिकल पीजीच्या मुलांच्या थिसिसचं स्टॅटिस्टिक्स करून द्यायचे तेव्हा हे इतक्यांदा बघितलं की शेवटी त्यातूनच आमचं काम सुरू झालं, डॉक्टरांना कॉन्फरन्समधल्या कामाचा जर्नलसाठी पेपर लिहायला मदत करायचं. मी आणि माझी मैत्रीण, ती फार्मकॉलॉजीवाली, दोन लॅपटॉप आणि तिच्या घराची गॅलरी, एवढंच होतं. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणारी संस्था, तिचा 2018 चा एक मोठा रिव्ह्यू आहे, त्यात निघालं की कॉन्फरन्सला मांडलेल्या 100 कामांपैकी साधारण 37 चाच पुढे पूर्ण पेपर होतो, आणि रिझल्ट पॉझिटिव्ह असेल तर शक्यता जास्त, म्हणजे 'या उपचाराने फरक पडला नाही' असं सांगणारी कामं जास्त करून कपाटावर राहतात, आणि पेशंटच्या दृष्टीने ते कळणंही तितकंच गरजेचं असतं ना.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं उदाहरण मी सगळ्यांना देते. विंचूदंशावर प्राझोसिन हे ब्लड प्रेशरचं औषध वापरून पेशंट वाचतात हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही, लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलला लिहून पाठवलं, म्हणून कोकणातलं काम जगाने वाचलं.

आमचं पहिलं मोठं काम पण कोकणातलंच, सर्पदंशाचं. एका छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 8 मिनिटांचं ओरल प्रेझेंटेशन दिलेलं, स्लाइडवर 64 पेशंट आणि त्यातल्या 16 जणांच्या किडनीवर परिणाम, म्हणजे 25 टक्के. आम्हाला वाटलं स्लाइड्सची वाक्यं केली की झाला पेपर, पण मैत्रीण म्हणाली आधी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या नोंदींचा मूळ तक्ता, मागव, आणि एक्सेल उघडल्यावर आकडे जुळेनात. मग डॉक्टरांनी स्वतः रेकॉर्ड रूममध्ये बसून केस पेपर काढले तेव्हा कळलं की डायलिसिससाठी बाहेर पाठवलेले दोन पेशंट परत आल्यावर त्यांचे नवीन केस पेपर निघाले होते आणि ते दोनदा मोजले गेले होते, शिवाय एकाचे कागद सापडलेच नाहीत. खरे पेशंट 61, किडनीवाले 14, म्हणजे 23 टक्के. फोनवर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मॅडम, मी हे स्टेजवरून सांगितलंय हो." आम्ही म्हटलं सर, मग पेपरमध्ये बरोबर लिहू आणि एडिटरला पत्रातच सांगू की आकडा का बदलला. तसंच केलं. दोन जर्नल्सनी नाकारला, तिसऱ्याने दोनदा दुरुस्त्या करायला लावून घेतला, सगळं मिळून 14 महिने लागले. तेव्हापासून नियमच केलाय, पीपीटीवरून लिहायचं नाही, मूळ डेटा आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

बऱ्याच जणांना भीती असते की कॉन्फरन्सला मांडलं म्हणजे आता जर्नल घेणार नाही. असं नाहीये. ॲबस्ट्रॅक्ट (कामाचा सारांश) किंवा पोस्टर मांडलं म्हणून बहुतेक जर्नल्स डुप्लिकेट पब्लिकेशन, म्हणजे तेच काम दोनदा छापणं, धरत नाहीत, फक्त कुठे मांडलं ते सबमिट करताना स्पष्ट सांगायचं.

मधलं एक वर्ष फार कठीण गेलं. प्रमोशनसाठी महिन्याभरात पेपर हवाय, डेटा तुम्हीच बघा, आणि सहा नावं टाका, असे फोन यायला लागले, पैसेही चांगले देत होते आणि आमच्या दोघींच्या घरचे हप्ते चालू होते. आम्ही नाही म्हणालो. ऑथर कोणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे, म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, नियम साधे आहेत, कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग हवा, शेवटच्या मसुद्याला मंजुरी हवी आणि जबाबदारी घ्यायची तयारी हवी, चारही पाहिजेत. आम्ही भाषा आणि मांडणीत मदत करतो म्हणून आमचं नाव ऑथरमध्ये येत नाही, आभारात येतं, आणि ते यावं असा आमचा आग्रह असतो कारण लपून लिहून देणं आम्हाला पटत नाही.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात पेशंटच्या हिताला धक्का लागत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, परवानगीच न घेतलेलं चांगलं काम परत पाठवताना. नंतर मागून ती मंजुरी मिळत नाही. एका रेसिडेंट मुलीचं पोस्टर बक्षीस मिळालेलं होतं, खरंच सुंदर काम, पण परवानगी नव्हती, ती आमच्यासमोर रडली आणि आम्ही काहीच करू शकलो नाही. म्हणून आता कॉलेजमध्ये बोलवलं की मी पहिलं सांगते, डेटा गोळा करायच्या आधी कमिटीकडे जा, ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंद करा, केस रिपोर्ट असेल तर पेशंटची लेखी संमती डिस्चार्जच्या आधीच घ्या, नंतर तो माणूस गावी गेला की सापडत नाही.

आता आम्ही पाच जण आहोत, गॅलरीतून दोन खोल्यांच्या ऑफिसात आलोय. या आठवड्यात एका तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांच्या पेपरचं रिव्हिजन आहे, रिव्ह्यूअरचे (जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याचे) 14 प्रश्न, शुक्रवारची मुदत. दिवसभर त्यांची ओपीडी असते म्हणून रोज रात्री साडेनऊला फोनवर बसतो, काल नववा प्रश्न झाला, त्यासाठी त्यांना जुनी रजिस्टरं पुन्हा काढायची आहेत.