ग्रुपमध्ये दोन ट्रंक होत्या, तरी कॉल दुसरीकडे वळला नाही

सोलापुरातील ज्या रुग्णालयाची दूरध्वनी यंत्रणा मी सांभाळतो, तेथून रात्री-अपरात्री जाणारे फोन बहुधा रक्तपेढीला, घरी गेलेल्या डॉक्टरांना किंवा रुग्णाला दाखल करून अक्कलकोट, तुळजापूर, विजयपूर येथे परतलेल्या नातेवाइकांना असतात. म्हणूनच आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिप ट्रंक (आयपी नेटवर्कवरून कॉल बाहेर नेणाऱ्या जोडण्या) घेतल्या, त्यांच्या तोंडाशी ओरॅकलचा सेशन बॉर्डर कंट्रोलर, म्हणजे या कॉलवर नियंत्रण ठेवणारे यंत्र, बसवला आणि दोन्ही ट्रंक एका ग्रुपमध्ये घातल्या. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री पहिली ट्रंक बंद पडली, तेव्हा ऑपरेटर ताईंचा मला मोबाइलवर फोन आला, “सर, नंबर फिरवला की नुसती शांतता आहे, एंगेजसुद्धा वाजत नाही.” दुसरी ट्रंक त्या वेळी पूर्णपणे चालू होती.

या यंत्रात ट्रंकच्या पलीकडच्या सर्व्हरला सेशन एजंट म्हणतात आणि अशा एजंटांच्या समूहाला सेशन एजंट ग्रुप. लोकल पॉलिसीत, म्हणजे कोणता कॉल कुठे पाठवायचा या नियमांत, नेक्स्ट हॉप (पुढचा टप्पा) म्हणून एका सर्व्हरचा पत्ता देण्याऐवजी ‘सॅग’ हा उपसर्ग लावून ग्रुपचे नाव दिले, की कॉल कोणाकडे जावा हे ग्रुपची स्ट्रॅटेजी ठरवते. हंट लावल्यास कॉल यादीतल्या पहिल्या एजंटकडे जातो आणि तो उपलब्ध नसेल तरच दुसऱ्याकडे. राउंड रॉबिनमध्ये तो आळीपाळीने वाटला जातो. लीस्ट बिझीमध्ये ज्याच्यावर भार कमी त्याच्याकडे जातो. यंत्र बसवताना माझा बहुतेक वेळ या निवडीतच गेला, आणि आज वाटते की तो वेळ चुकीच्या ठिकाणी गेला. दोन ट्रंकांच्या रुग्णालयाला हंट पुरेसा आहे. पहिली ट्रंक उपलब्ध नाही हे यंत्राला कसे आणि किती वेळात कळणार, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता.

२००२ सालच्या आरएफसी ३२६१ या सिपच्या प्रमाणकानुसार, यूडीपीवर (संदेश पोहोचल्याची पोच न देणाऱ्या पद्धतीने) पाठवलेल्या इन्व्हाइटला, म्हणजे कॉल सुरू करण्याच्या विनंतीला, काहीच उत्तर आले नाही तर तो अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवला जातो, त्यानंतर दोन प्रयत्नांमधले अंतर दुप्पट होत जाते आणि ३२ सेकंदांनी प्रयत्न सोडला जातो. ३२ सेकंद रिसीव्हर कानाला लावून कोणी थांबत नाही. ताईही दहाएक सेकंदांनी फोन ठेवून पुन्हा फिरवत होत्या, आणि प्रत्येक वेळी ही मोजणी शून्यापासून सुरू होत होती. यावरचा पहिला उपाय म्हणजे ऑप्शन्स पिंग. ठरावीक अंतराने पलीकडच्या सर्व्हरला विचारणा करायची आणि उत्तर आले नाही तर त्याला कॉल द्यायचाच नाही. पिंगचे अंतर मुळात शून्य, म्हणजे पिंग बंद असते. मी ते ३० सेकंद केले. पिंगच्या दोन फेऱ्यांमध्ये ट्रंक पडली तरी खोळंबा होऊ नये म्हणून सिप इंटरफेसवरील ट्रान्स-एक्सपायरची, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची, मुदत ४ सेकंदांवर आणली.

एवढ्याने काम भागले असते, पण पिंगचे उत्तर कंपनीचा दारावरचा सर्व्हर देतो. त्याच्या मागची यंत्रणा कोलमडली असली तरी तो ऑप्शन्सला २०० (ठीक आहे) म्हणतो आणि खऱ्या कॉलला ५०३ (सेवा उपलब्ध नाही). असा नाकारलेला कॉल त्याच ग्रुपमधील पुढच्या एजंटकडे न्यायचा असेल तर सॅग रिकर्शन चालू करावे लागते, आणि तेही मुळात बंद असते. दोन ट्रंक एका ग्रुपमध्ये आहेत म्हणजे कॉल आपोआप वळेल, हे मी वाचून खात्री न करता गृहीत धरले होते.

रिकर्शन चालू केल्यावर उलटी अडचण आली. नातेवाइकाचा फोन एंगेज असला तरी कॉल दुसऱ्या ट्रंकने पुन्हा जाऊ लागला आणि ताईंना एंगेजचा आवाज उशिरा मिळू लागला. ४८६ याचा अर्थ समोरचा माणूस बोलत आहे. दुसऱ्या वाटेने गेल्यावरही तो बोलतच असणार. कोणत्या उत्तरावर शोध थांबवायचा याची यादी ग्रुपमध्ये असते. ओळख पटवण्याची मागणी करणारे ४०१ आणि ४०७ तिच्यात आधीपासून असतात; मी ४०४ (नंबर सापडला नाही), ४८६ आणि ६०३ (कॉल नाकारला) यांची भर घातली. ५०३ मात्र या यादीत कधीही जाऊ नये.

नंबरांचे रूप हा वेगळा विषय आहे. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७. आमची पहिली ट्रंक सात आकडी स्थानिक नंबर तसाच घेते, दुसरीला +९१ पासून पूर्ण नंबर लागतो. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावे लागते. ते शून्यही दुसऱ्या ट्रंकसाठी काढावे लागते. शिवाय कॉल करणाऱ्याचा नंबर ज्या कंपनीचा, त्याच कंपनीच्या ट्रंकवरून गेला नाही तर ४०३ (परवानगी नाही) येऊ शकतो. त्यामुळे हे फेरफार लोकल पॉलिसीत न करता प्रत्येक एजंटवर स्वतंत्रपणे केले, म्हणजे कॉल वळला की नंबराचे रूपही त्याच्याबरोबर बदलते.

१०१, १०८ आणि ११२ यांसाठी वेगळी पॉलिसी ठेवली असून त्यांना कोणताही उपसर्ग लागत नाही. दुसऱ्या ट्रंकचे टोक पुण्यात आहे. तिच्यावरून लावलेला १०१ सोलापूरच्या अग्निशमन दलाकडे न जाता पुण्यात वाजू शकतो. म्हणून १०१ ग्रुपकडे दिलेला नाही. तो फक्त पहिल्या ट्रंकने जातो, आणि ती बंद असेल तर काय करायचे यासाठी अग्निशमन केंद्राचा ०२१७ पासूनचा पूर्ण नंबर ताईंच्या टेबलावर काचेखाली लावून ठेवला आहे.