अर्थची वायर

वेल्समधल्या ज्या गॅरेजमध्ये मी जुन्या गाड्या दुरुस्त करतो, तिथे एका सकाळी गिल्बर्न जीटी ही वेल्समध्येच बनलेली जुनी स्पोर्ट्स कार आली. ऐंशी ओलांडलेले मालक ती स्वतः चालवत आले होते. तक्रार किरकोळ होती: ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंदावतो.

अशा वेळी आधी अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, बघायची. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते. गिल्बर्नची बॉडी फायबरची, तिच्यातून वीज जात नाही. दिव्यांची अर्थची वायर वेगळी ओढून चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, जोडावी लागते.

"ती मीच जोडलीय, १९६५ साली," मालक म्हणाले.

पाना शोधता शोधता मी त्यांना बोलतं केलं. खाटकाचा धंदा केलेले गाइल्स स्मिथ आणि जर्मन इंजिनिअर बर्नार्ड फ्रीझ, या दोघांच्या नावांतून 'गिल्बर्न' झालं. १९५९ मध्ये पाँटिप्रीदजवळ त्यांनी गाड्या बनवायला घेतल्या. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर तेव्हा खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट एकच, जोडणी गिऱ्हाइकाने स्वतः करायची. कंपनीच्या नावातही 'कंपोनंट्स' शब्द होता! बॉडी रंगवून, सीट बसवून यायची. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल आपण चढवायचा. एप्रिल १९७३ मध्ये खरेदी कराच्या जागी व्हॅट आला, ती सवलत गेली, आणि त्याच सुमारास कारखानाही बंद पडला. करातल्या एवढ्याशा फटीवर एक कारखाना उभा राहतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

बोल्टला पाना लावला. अर्धा वळसाही झाला नसेल, तोच बोल्ट चासीच्या चौकोनी पाइपाच्या तुकड्यासकट माझ्या हातात आला. आत नुसता तांबडा भुगा. वर रंग आरशासारखा! फायबर गंजत नाही, म्हणून या गाड्या फसवतात. हातोडीने ठोकत पुढे सरकलो, तर स्प्रिंगच्या बैठकीपर्यंत आवाज बद्द.

"आज ही गाडी रस्त्यावर जाऊ द्यायची नाही," मी स्पष्ट सांगितलं.

त्यांनी तो तुकडा तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "नवा पाइप लागेल ना?"

लागला. वेल्डिंगला तीन आठवडे गेले. शेवटची अर्थची वायर मात्र मी मोकळी ठेवली होती. ते आले, स्टुलावर बसले, नव्या पाइपावरचा रंग पॉलिशपेपरने बोल्टपुरता घासला आणि वायर आवळली. मी टॉर्च धरून उभा होतो.


दोन्ही दिवे लख्ख लागले.